दोन हात लांबी

"लांबी लागंल," डोळे मिटून रॉकेटवरून बोट फिरवत दस्तगीर चाचा म्हणाले.

"एक मीटर दहा आहे," मगदूम म्हणाला.

"काय?"

"लांबी. एक मीटर दहा सेंटिमीटर."

चाचांचे डोळे मिटलेलेच होते. "दोन हात तर लागंलच," ते म्हणाले. "जास्तच लागंल वाटतंय."

आता हेरवाडे सरांना राहवलं नाही. सर आम्हाला मोजमापाचा विषय शिकवायचे आणि अर्ध्या मिलिमीटरवरून माणसाची लायकी ठरवायचे. "हातांत नको, मीटरमध्ये सांगा," ते म्हणाले. "आणि जास्त कशी लागेल? नळी आहे तेवढीच आहे."

चाचांनी डोळे उघडले. आम्हा तिघांकडे त्यांनी आळीपाळीनं पाहिलं. डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरून आलेल्या गिऱ्हाइकाकडे ते असंच बघत असावेत. मग त्यांनी फळीवरचा एक डबा काढला, झाकण उचकटलं आणि पत्र्याच्या पट्टीवर करड्या लगद्याचा एक गोळा घेऊन सरांच्या नाकापुढे धरला.

"ही लांबी. खड्डं भरायची. आन एक हात म्हंजे एकदा फिरवायची, वाळवायची, घासायची. दोन हात म्हंजे दोनदा. तुमी शिकवता कुठं म्हणालासा?"

मगदूम इतका हसला की त्याला बाहेर जावं लागलं. सरांनी मात्र खिशातली डायरी काढून त्यात 'लांबी' हा शब्द अर्थासह लिहून घेतला. शिकायला लाजायचं नाही हा सरांचा मोठा गुण होता. पुढे त्या डायरीतल्या शब्दानंच सगळा घोळ केला, पण त्यात डायरीचा दोष नव्हता.

ही दोन हजार तीन सालची, इचलकरंजीतली गोष्ट. मी, माधुरी खारगे, तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सांगलीच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजनं छोट्या रॉकेटची स्पर्धा ठेवली होती. इंजिन ते देणार, बाकी रॉकेट आपण बनवायचं. वजन सहाशे ग्रॅमच्या आत, आणि उडून पॅराशूटनं सुखरूप खाली उतरलं तरच गुण. आमच्या कॉलेजातून याआधी अशा कशाला कोणी गेलेलं नव्हतं. मी सरांच्या मागे लागून लागून परवानगी काढली, मगदूमला ओढून घेतलं आणि स्वतःच स्वतःला कॅप्टन नेमलं.

आमचं गाव मागांचं, म्हणून रॉकेटचं नाव आम्ही 'धोटा' ठेवलं. मागावर सूत घेऊन इकडून तिकडे पळतो तो धोटा, दोन्हीकडून निमुळता. नळी मिळाली तीही कापडाच्या ताग्यातलीच, कापड गुंडाळायची पुठ्ठ्याची. आपल्याकडच्या ताग्यांतल्या नळ्या जाड आणि जड असतात, पण एका कारखान्यात बाहेरून आलेल्या कापडाची एकच पातळ, हलकी नळी पडली होती. मालकानं ती देताना तीनदा विचारलं की हिचं काय करणार, आणि तीनदा उत्तर ऐकूनही त्याचा विश्वास बसला नाही. नाक पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं कातून आणलं, पंख पातळ प्लायवुडचे. उभं केलं तेव्हा लांबून फार देखणं दिसायचं. जवळून मात्र नळीभर गुंडाळीची तिरकी खाच, पंखांवर लाकडाच्या रेघा, नाकावर कातणीचे वळ. त्यावर थेट रंग मारला असता तर वरून कीर्तन आणि आतून तमाशा झाला असता. म्हणून मोटारी रंगवणाऱ्या दस्तगीर शिकलगार यांच्याकडे आम्ही आलो होतो.

सोमवार ते बुधवार, कॉलेज सुटलं की मी गॅरेजात. चाचांनी माझ्या हातात पट्टी दिली आणि लांबी कशी ओढायची ते दाखवलं. पातळ ओढायची, खाच भरेल एवढीच ठेवायची, बाकीची परत डब्यात. वाळली की काचपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून घासायचं, नुसत्या बोटांनी नाही, कारण बोटं खड्ड्यात शिरतात आणि खड्डा वाढवतात. मोटारीला पाणी लावून घासतात म्हणून मगदूमनं हौसेनं पाण्याचा मग आणला, तर चाचांनी तो त्याच्या हातातून काढून घेऊन पिऊन टाकला. "पुठ्ठा हाय त्यो," ते म्हणाले. "भिजला की फुगंल. पापड करायचाय का त्येचा?"

बुधवारी प्रायमरचा पातळ करडा हात बसला आणि मी हबकलेच. इतकं घासून गुळगुळीत केलेल्या अंगावर सुईच्या टोकाएवढी भोकं, केसाएवढे ओरखडे, सगळं लख्ख दिसायला लागलं. चाचा एक बल्ब हातात धरून बाजूनं उजेड पाडायचे आणि जिथे सावली पडेल तिथे पेन्सिलनं गोल करायचे. बघता बघता धोट्याला गोवर उठल्यासारखं झालं.

"आधी बरं होतं की," मी म्हणाले.

"आधी दिसत नव्हतं," चाचा म्हणाले.

त्याच दिवशी एक जुन्या गाड्यांचा दलाल जीप घेऊन आला. जीपच्या छपराच्या खांबाला खालून चीर गेली होती. त्याला ती लांबी भरून, वर रंग मारून झाकून हवी होती, कारण उद्या गिऱ्हाईक येणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तो हसत म्हणाला. चाचांनी चिरेवरून बोट फिरवलं आणि मान हलवली.

"खड्ड्याला लांबी चालती. मोडल्याला न्हाई. मोडलंय तेवढं कापून काढावं लागंल."

दलाल चडफडत गेला. चाचांनी हात पुसले आणि परत माझ्या धोट्याकडे वळले. मला तेव्हा त्या बोलण्याचं काही वाटलं नाही. वाटायला एक दिवस जायचा होता.

गुरुवारी मी म्हटलं, पेन्सिलचे गोल घरीच भरून काढते. चाचांनी छोट्या डबीत लांबी आणि बाटलीत थोडा प्रायमर दिला. मगदूम म्हणाला, "लूनावर मी मागं बसून धरतो." मी म्हणाले, "एवढं काय, मला जमतं." कॅप्टन होते ना.

नाक काढून पिशवीत ठेवलं, नळी पाठीला ओढणीनं बांधली आणि निघाले. कोपऱ्यावर तागे भरलेला हातगाडा आडवा आला. मी ब्रेक दाबला, लूना थांबली, मीही थांबले, पण ओढणी सुटली आणि धोटा माझ्या खांद्यावरून पुढे जाऊन रस्त्यावर डोक्यावर आपटला. गाडेवाला म्हणाला, "लागलं का ताई?" मी म्हणाले, नाही. मला लागलं नव्हतंच.

नळीच्या वरच्या तोंडाला घडी पडली होती. कडेपासून खाली अंगठ्याएवढी, पुठ्ठ्याचे पदर सुटलेली. नेमकं जिथे नाक बसतं तिथे.

याचा अर्थ मला चांगला माहीत होता. इंजिन जळून संपलं की शेवटी एक छोटा बार होतो, त्यानं नाक उडतं आणि आतलं पॅराशूट बाहेर पडतं. नाक अडकलं तर पॅराशूट आत राहतं आणि रॉकेट भाल्यासारखं खाली येतं. सरांनी हे फळ्यावर काढून दाखवलं होतं. खाली बघायला आलेली माणसंही काढली होती, काड्यांची. नळीला कुठेही मोड असेल तर उडवायचं नाही, असं त्यांनी खाली दोन रेघा मारून लिहिलं होतं. दुसरी नळी नव्हती. सांगितलं असतं तर स्पर्धा तिथेच संपली असती, तीही माझ्या 'मला जमतं'मुळे.

मी सांगितलं नाही. घरी उलथन्याच्या दांड्यानं घडी आतून दाबून सरळ केली. वरून लांबी भरली, घासली, प्रायमर लावला, परत घासला. तीन दिवसांत शिकलेली सगळी विद्या त्या अंगठ्याएवढ्या जागेवर खर्च केली. काम इतकं सुबक झालं की मलाच जागा सापडेना. नाक किंचित घट्ट जात होतं, तर तेही घासलं. रविवारी स्पर्धेत काही होणार नाही, असं मी स्वतःला बजावलं आणि जेवले नाही.

शुक्रवारी सरांनी प्रयोगशाळेत धोट्याचं वजन केलं. सहाशे पंचवीस भरलं. रंग अजून व्हायचाच होता. सरांनी डायरी उघडली, आपला नवा शब्द वापरायची संधी साधली आणि चिठ्ठी लिहिली: 'लांबी जास्त झाली आहे. कमी करावी. हेरवाडे.' ती घेऊन दुपारी मी गॅरेजात गेले.

चाचांनी चिठ्ठी वाचली, खिशात घातली आणि सवयीनं डोळे मिटून खालून वर बोट फिरवायला लागले. पंख झाले, मधला भाग झाला. वरच्या टोकाशी बोट थांबलं. जरा मागे आलं, परत पुढे गेलं. मी गॅरेजातल्या कॅलेंडरवरच्या तारखा वाचत होते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपारचं ऊन पडलं होतं.

"काल कुठं पडलं बिडलं न्हाई न्हवं?" त्यांनी विचारलं.

"नाही. घरीच होतं."

"बरं."

त्यांनी बल्ब लावला. "तू जा कॉलेजला. पाच वाजता ये. सरांना बी आण."

पाच वाजता आम्ही तिघं गेलो. धोटा टेबलावर आडवा होता, नाक बसवलेला, स्वच्छ घासलेला. पण काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. ओळखीच्या माणसानं मिशी काढल्यावर वाटतं तसं. मगदूमनं पट्टी लावली आणि खुर्ची नसताना बसायला गेला.

"सर, एक मीटरच आहे. दहा सेंटिमीटर गेले."

"गेले कुठे?" सर म्हणाले.

"कापलं," चाचा शांतपणे म्हणाले.

"कापलं?"

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढून सरांच्या हातात दिली. "तुमीच लिवलंय की. लांबी जास्त झाली आहे, कमी करावी. आता लांब्या दोन. एक तुमची, एक माझी. कुठली ते लिवलं न्हाई. म्हणून दोनी कमी केल्या. ही घासून पातळ केली, आन ती कापली."

सर चिठ्ठीकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला, मग पांढरा. मला वाटलं आता भडकणार. पण चूक स्वतःच्या अक्षरात समोर होती, आणि मोजमापाच्या माणसानं मोजकं न लिहिण्याची होती. "वरून का कापलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"खाली पंख हायत. वरनं सोपं."

"तुकडा कुठाय? बघू."

"गेला की कचऱ्याबरोबर," चाचा म्हणाले आणि डबे आवरायला लागले.

मी मनातल्या मनात दहा सेंटिमीटर मोजत होते. घडी अंगठ्याएवढी, फार तर सहा. गेली. माझी लबाडी कचऱ्याच्या गाडीतून गावाबाहेर गेली होती, आणि तीसुद्धा एका शब्दाच्या घोटाळ्यानं. मी नाक काढून परत बसवलं. आत लोण्यासारखं गेलं. मला रडू आलं, आणि सगळ्यांना वाटलं की रॉकेट तोकडं झालं म्हणून.

"रडू नकोस गं," सर म्हणाले. त्यांनी तिथेच बॉनेटवर कागद ठेवून आकडेमोड केली. रॉकेट आखूड झालं तर ते सरळ जाण्यासाठी नाकात थोडं वजन घालावं लागतं. वजन केलं तर पाचशे पासष्ट, म्हणजे घालायला जागा होती. "वीस ग्रॅम काहीतरी जड पाहिजे. चिकटेल असं."

"लांबी हाय," चाचा म्हणाले.

मग आम्ही सगळेच हसलो. अंगावरची लांबी काढून नाकात लांबी भरली. शनिवारी चाचांनी फवाऱ्यानं नारिंगी रंग दिला. इतका नितळ की त्यात गॅरेजची खिडकी दिसायची.

रविवारी सांगलीच्या मैदानात धोटा सरळ वर गेला. वर ठिपका झाला, बारीक 'फट्' ऐकू आलं आणि आमच्या गावच्या अस्तराच्या कापडाचं पॅराशूट उघडलं. तिसरा नंबर आला. आमच्या आधी एका संघाचं नाक अडकलं होतं. त्यांचं रॉकेट परीक्षकांच्या मंडपापासून चार पावलांवर जमिनीत रुतलं. ते काढायला कुदळ आणली होती. मी ती कुदळ बघितली आणि ती चार पावलं स्वतः चालून मोजली.

संध्याकाळी कॉलेजच्या सभागृहात बक्षीस घेताना सरांनी माइकवरून चिठ्ठीचा किस्सा सांगितला. सगळे लोळून हसले. चाचा शेवटच्या रांगेत होते, इस्त्रीचे पांढरे कपडे घालून. लोकांनी मागे वळून बघितलं, तेव्हा तेही हसले आणि त्यांनी हात जोडले.

पुढे तो किस्सा गावभर झाला. कोणी गॅरेजात आलं की म्हणायचं, "चाचा, गाडीची लांबी कमी करू नका बरं." मीही तो सांगितला. पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत सांगितला, लग्नात सासरच्यांना सांगितला, पुण्याच्या कंपनीत नव्या लोकांना दरवर्षी सांगत आले. सूचना नीट लिहा, नाहीतर एक होते दस्तगीर चाचा, अशी सुरुवात करून. माझी घडी त्या किश्श्यात कधीच नसायची.

अठरा वर्षांनी, दिवाळीला माहेरी आले असताना, माझ्या गाडीचं दार चेपलं होतं म्हणून गॅरेजात गेले. आता सगळं काम चाचांची मुलगी शमीम बघते. चाचा दारात खुर्चीवर बसले होते, पंच्याहत्तरी ओलांडलेले.

"कसं काय लागलं?" दाराकडे बघून त्यांनी विचारलं.

"शेजाऱ्यानं ठोकली पार्किंगमध्ये," मी म्हणाले.

शमीम रंगाचा नंबर शोधत होती. मी टेबलापाशी उभी राहिले. ब्रश ठेवायला तिथे पुठ्ठ्याची एक नळकांडी होती, करड्या प्रायमरची, बोटभर रंगांनी माखलेली. मी सहज उचलली. हाताला ओळख पटायला वेळ लागला नाही. कडेपाशी पेन्सिलचा गोल होता. अंगठ्याएवढा, नेमका. ब्रश काढून आत बघितलं. आतून घडी तशीच होती, पदर सुटलेली, आणि तिच्यावर उलथन्याच्या दांड्याचे माझे वळ.

चाळीस वर्षं हा माणूस सकाळ-संध्याकाळ लांबी हा शब्द एकाच अर्थानं बोलत आला होता. ज्यानं आम्हाला तो अर्थ शिकवला, त्याला तो कळला नाही, यावर आम्ही तिघं शिकलेली माणसं डोळे झाकून विश्वास ठेवून बसलो होतो. मला इतकी लाज वाटली की ती नळकांडी खाली ठेवता येईना.

"चाचा," मी म्हणाले, "तुम्हाला कळलं होतं."

त्यांनी नळकांडीकडे बघितलं. "लांबी चांगली वडली व्हतीस. डोळ्याला दिसत न्हवतं. बोटाला लागलं."

"मग मला का नाही बोललात?"

"इचारलं की तुला. तू न्हाई म्हणालीस. आता पोरीला सरांच्या म्होरं खोटं पाडायचं, का त्यात चिठ्ठी आली हुती तिचा उपेग करायचा?"

"पण लोक हसले तुम्हाला. अजून हसतात. मीच हसवते."

"हसू दे की," चाचा म्हणाले. "मोडलेलं उडालं न्हाई न्हवं?"

शमीम दारावर वाकून चेपलेल्या जागेवर बोट फिरवत होती, डोळे मिटून. मी नळकांडीत ब्रश परत एकेक करून ठेवले. मग त्यांच्या खुर्चीजवळ जाऊन बसले.

"चाचा, शेजाऱ्यानं नाही ठोकली. मीच मागे घेताना खांबाला लावली. नवऱ्यालाही शेजारीच सांगितलाय."

चाचांनी मान डोलावली आणि आत हाक मारली.

"शमीम, कापू बिपू नकोस काय. लांबीवर भागतंय."